बेशरम तोडू नका, उपटा

कोंढा-कोसरा आणि आजूबाजूच्या गावांतल्या शेतकरी भावा-बहिणींनो,

रोवणीच्या दिवसांत कुणाला उसंत नसते. धान कापला की चुरणे, विकणे, मग रब्बीची घाई. धुऱ्यावरचं, पांदणीतलं, बोडीच्या काठचं झुडूप ‘पाहू पुढं’ म्हणत तसंच राहतं. मग एक दिवस चिडून आपण कुऱ्हाड उचलतो. आजचं सांगणं अशा चिडलेल्यांसाठीच आहे.

मीही एकदा उचलली होती. आश्विनात आमच्या बोडीच्या काठची बेशरम कमरेपासून सपासप तोडली, कांड्या पाळीच्या उतारावर ओल्या गाळात टाकल्या आणि मोकळ्या मनानं घरी आलो. होळीच्या सुमारास जाऊन पाहतो, तर पडल्या कांडीच्या पेरापेरातून खाली मुळं आणि वर कोंब! खुंटांनाही चार-चार नवे फुटवे आलेले. बेशरम मी तोडली नव्हती, तिची लावणी केली होती.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की समजली. तणाशी ताकदीनं नाही, वेळ साधून लढावं. प्रत्येक तणाचा एक कमजोर महिना असतो. तो साधा, मुळापर्यंत जा आणि मोकळी झालेली जागा रिकामी ठेवू नका.

बेशरमेचा कमजोर महिना म्हणजे वैशाख. बोडीचं पाणी तेव्हा तळाला गेलेलं असतं, मुळं उघडी पडतात. सबलीनं नाहीतर कुदळीनं खोडाभोवती उकरा आणि सगळा गड्डा बाहेर काढा. काढलेलं पाण्यापासून दूर, कडक जमिनीवर उन्हात टाका. कांडी वाजेपर्यंत वाळू द्या. हिरवी कांडी पाण्यात किंवा गाळात पडली की मेहनत गेली. हिच्या चिकामुळं गुरं हिला तोंड लावत नाहीत, पण दुष्काळात भुकेली शेळी खाते आणि आजारी पडते. म्हणून ढीग चराईच्या वाटेवर नको.

आपले तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. त्यांचा काठ बेशरमेनं अडवला की मासळीला अंडी घालायला उथळ पाणी मिळत नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला, तलावांसाठी काम करणाऱ्या मनीष राजनकर आणि पतीराम तुमसरे यांच्यासोबत ढिवर बांधवांनी तलावांतली बेशरम उपटली. ते तिथंच थांबले नाहीत. उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि त्यात गावठी पाणवनस्पती आणून लावल्या. जागा भरली, म्हणून ते काम टिकलं.

आता गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्याकडं प्रथम नजरेस आलेलं हे गवत आज आपल्या शाळेच्या कुंपणापर्यंत आलं आहे. एका झाडाला हजारोंनी बी येतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पांढरी फुलं दिसू लागतात. म्हणजे पहिल्या पावसानंतरचे तीन-चार आठवडे एवढीच आपली संधी. त्या वेळी ते जमिनीला चिकटून, गाजराच्या पाल्यासारखं पसरलेलं असतं. जमीन ओली असते, ओढलं की मुळासकट येतं. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा, तोंडाला रुमाल बांधा. अंगाला खाज सुटते, दमेकऱ्यांना त्रास होतो. निंदणाला जाणाऱ्या बायांनी उघड्या हातानं हे उपटू नये, आणि उपटायला सांगणाऱ्यानं हातमोजे आधी आणून द्यावेत. फुलाआधीचं गवत खतखड्ड्यात चालेल. फुलावर आलेलं खड्ड्यात टाकाल तर खताबरोबर बी वावरभर पसराल.

गवताच्या पानांवर मळकट पांढऱ्या रंगाचे, काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगे दिसले, तर तिथं फवारू नका. हे मेक्सिकन भुंगे १९८० च्या दशकात याच कामासाठी भारतात आणले. ते पावसाळ्यात गाजर गवताची पानं फस्त करतात.

रिकाम्या झालेल्या जागी तरोटा पेरा. जबलपूरचं तण संशोधन संचालनालयही हाच सल्ला देतं. दिवाळीच्या सुमारास तरोट्याच्या शेंगा गोळा करून ठेवा आणि पावसाआधी बी फेका. तरोटा दाट उगवला की गाजर गवताला वर यायला वाव मिळत नाही. शिवाय पहिल्या पावसाची कोवळी भाजी ताटात येते.

जंगलाकडच्या धुऱ्यांवर रायमुनिया आहे, कुणी तिला घाणेरी म्हणतं. ती वरून छाटली की दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटं मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे मुळ्या पुन्हा माती धरणार नाहीत. फळं पिकण्याआधी हे करा, नाहीतर पाखरं बी दूरवर नेतात.

दोन गोष्टी मात्र करू नका. धुऱ्याला आग लावू नका. वरचं जळतं, मूळ शाबूत राहतं, आणि मोहफुलांच्या दिवसांत ती आग जंगलात जायला वेळ लागत नाही. दुसरं, दुकानदारानं दिलं म्हणून कोणतंही तणनाशक मारू नका. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्येच निर्बंध घातले. टू-फोर-डी वाऱ्यानं उडालं तर धुऱ्यावरची तूर आणि शेजाऱ्याच्या वांग्या-मिरच्या वाकड्या होतात. फवारायचंच असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून, वारा पडलेला पाहून आणि बोडीपासून दूर.

एकट्यानं आपला धुरा साफ करून भागत नाही. शेजारच्या पडीकातून बी येतंच. म्हणून येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. बोडी, पांदण, शाळेचं कुंपण अशी कामं वाटून घ्या. बेशरमेसाठी वैशाखातला एक रविवार आणि गाजर गवतासाठी पहिल्या पावसानंतरचा एक रविवार ठरवा. सबल-कुदळ कोण आणणार, पाण्याची घागर कोण आणणार, हेही तिथंच ठरू द्या. आणि महिन्यानंतरच्या दुसऱ्या फेरीची तारीख त्याच दिवशी फळ्यावर लिहा. सुटलेले कोंब त्याच फेरीत हाती लागतात.