परतीचे लटके तिकीट

सुरतेहून डिसेंबर २०२४ मध्ये बँकॉकला थेट विमान सुरू झाले. पाठीवर पिशवी टाकून चार देश पाहून यावे, ही तरुणांची हौस आम्हांस मुळीच वाईट वाटत नाही. परंतु तिच्या पाठोपाठ फोफावलेल्या ‘डमी तिकिटां’च्या धंद्यास आमचा स्पष्ट विरोध आहे.

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांस व्हिसाची सूट दिली, तेव्हा पुष्कळांनी दार सताड उघडले असे मानले. सूट व्हिसापुरती होती. परत केव्हा जाणार, जवळ पैसे किती, हे विचारण्याचा हक्क त्या देशाने सोडला नव्हता. शिवाय विचारणारा पहिला मनुष्य सुरतेतच भेटतो. प्रवेश नाकारलेल्या उतारूस परत नेण्याचा भार आंतरराष्ट्रीय नियमांनी विमान कंपनीवर टाकला आहे. म्हणून तिचा कारकूनच पुढचे तिकीट मागतो.

ह्यात जाच आहे. बँकॉकहून आगगाडीने नोंगखायला जाऊन, मेकाँग ओलांडून, लाओसात मन मानेल तितके दिवस राहणाऱ्याने आधीच कोणते तिकीट काढावे? पण जाचावर उपाय म्हणून एजंट जे विकतो, ते बहुधा पैसे न भरता धरून ठेवलेली, एक-दोन दिवसांत आपोआप रद्द होणारी जागा असते; कधी तर क्रमांकच रचलेला असतो. निघताना देवापुढे नारळ ठेवावा आणि खिशात असला कागद ठेवावा, ही कसली यात्रा? ‘सगळेच करतात’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की एक लबाडी उघडकीस आली म्हणजे मागच्या दहा निरपराध्यांची झडती होते.

सुरतेस परवान्यांचा इतिहास शिकवावयास नको. येथून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांना पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ घ्यावा लागे. १६१३ मध्ये तो जवळ असूनही जहांगीर बादशहाच्या मातेचे ‘रहीमी’ जहाज पोर्तुगीजांनी धरून गोव्यास नेले. खऱ्या कागदाची जेथे ही गत, तेथे खोटा कागद म्हणजे द्वारपालास आयतेच निमित्त!

पैसे परत मिळणारे तिकीट काढावे. नाहीतर बँकॉकहून क्वालालंपूरचे स्वस्तातले खरे तिकीट घ्यावे. न वापरल्यास ते बुडेल, हे आम्ही जाणतो. तो खर्च प्रवासाच्या हिशेबात आधीच धरावा, आणि एजंटांनीही तो आकडा गिऱ्हाइकास पहिल्याच दिवशी सांगावा.