औषधदान मनाच्या रोगासही हवे

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या धर्माने श्रावकास सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदानात आपला व्यापारी समाज सहसा मागे राहत नाही. नेत्रशिबिरे भरतात, दवाखान्यांस देणग्या जातात, त्यांच्या पाट्याही लागतात. परंतु आपल्याच एखाद्या पेढीवरील कर्ता पुरुष महिनोन्महिने नीट निजत नाही, वानगी हातात घेऊन भाव न सांगता तसाच बसून राहतो, रोजमेळ आठ-आठ दिवस लिहीत नाही, तेव्हा त्याच्या वाट्यास हाच समाज औषध न देता उपदेश देतो. हे आम्हांस उचित वाटत नाही.

प्रथम रोग कोणता ते पाहू. तुरीचा भाव पडला आणि चार दिवस मन खट्टू झाले, यास कोणी रोग म्हणत नाही. भाव सुधारला की मनही सुधारते. मात्र दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर मन खिन्न राहते, कशातच गोडी वाटत नाही, पहाटे तीनलाच जाग येते, अन्न नकोसे होते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते आणि बाहेरची परिस्थिती पालटली तरी हे पालटत नाही, तेव्हा तो विकार समजावा. डॉक्टर त्यास डिप्रेशन म्हणतात.

आपल्या समाजात येथे शब्दाचा एक मोठा घोटाळा होतो. ‘उदासीन’ हा आपल्याकडे गौरवाचा शब्द आहे. विषयकषायांपासून जो अलिप्त झाला तो उदासीन श्रावक. त्यामुळे घरातला माणूस ‘आता कशातच अर्थ नाही’ असे बोलू लागला, तर मंडळी त्यास वैराग्याची चाहूल समजतात आणि कौतुकही करतात. पण विरक्त पुरुषाच्या ठिकाणी शांती असते, या रोग्याच्या ठिकाणी यातना असते. शास्त्राच्या भाषेत ते आर्तध्यानाच्या जवळचे आहे, धर्मध्यानाच्या नव्हे. अशा माणसाने मरणाची भाषा केली तर ती व्रताची भाषा समजू नये. त्यास एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

‘हा कर्माचा उदय आहे, भोगूनच संपेल’ असेही म्हणणारे भेटतात. असातावेदनीय कर्माच्या उदयाने ज्वरही येतोच. म्हणून विषमज्वराच्या रोग्यास कोणी औषधावाचून ठेवीत नाही. मग मनाच्या व्याधीसच निराळा न्याय का?

खरे कारण निराळे आहे, आणि ते आम्ही भुसार पेठेत आयुष्य घालविलेले लोक चांगले ओळखतो. ते कारण म्हणजे पत. ‘अमक्याचे डोके ठिकाणावर नाही’ अशी कुजबुज झाली की देणेकरी सावध होतात, उधारीची मुदत आखडते आणि मुलींची स्थळे परत जातात. ही भीती निराधार नाही. पण लपविल्याने पत राहते का? चुकलेली मुदत आणि न उघडलेली पत्रे दलालांस सर्व सांगतातच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, या विकाराच्या १०० रोग्यांपैकी सुमारे ८५ उपचारावाचून होते. त्यांत आपल्या पेठांतील किती, हे ज्याने त्याने आपल्या परिचितांकडे पाहून ठरवावे.

उपचार अवघड नाहीत. डॉक्टर प्रथम रक्त तपासून थायरॉइड व बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव पाहतात. आपल्या शाकाहारी घरांत ही दुसरी उणीव पुष्कळदा निघते. गोळ्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून त्या टाकणे, किंवा बरे वाटताच आपल्या मनाने बंद करणे, या दोन्ही गोष्टी घातक. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने त्या बहुधा चालू ठेवाव्या लागतात. रात्री औषध न घेण्याचा नियम असेल तर तसे सांगावे. बहुतेक औषधे सूर्यास्तापूर्वी बसविता येतात. कॅप्सूलचे वेष्टन पुष्कळदा जिलेटीनचे असते, तेव्हा गोळी मागावी. पर्वकाळी दीर्घ उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावेच, कारण काही औषधांत पाणी वर्ज्य करणे धोक्याचे ठरते. सौम्य विकारात तज्ज्ञाशी ठरावीक दिवशी होणाऱ्या बोलण्यानेच पुष्कळ काम होते.

रोग्याने स्वतः करावयाचेही पुष्कळ आहे. उठण्याची वेळ एकच ठेवावी, सकाळी उन्हात चालावे, दिवसाची दोनच कामे कागदावर लिहून तेवढीच करावी. मन लागल्यावर काम करू, असे म्हणू नये. काम करता करता मन लागते. सामायिक अवश्य करावे, पण एकांतात विचारांचे चक्र वाढत असेल तर कोणाच्या सोबतीने करावे. आणि व्यापारी म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, या काळात दुकान मोडणे, भागी सोडणे, जागा विकणे असे निर्णय घेऊ नयेत. त्या दिवसांत माणूस स्वतःचा माल फार स्वस्त लावतो.

आम्हां बेळगावकरांस धारवाडची मानसिक रुग्णालयाची सोय जवळची आहे. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीत व कन्नडमध्ये विनामूल्य बोलता येते. विमा कंपन्यांनी मानसिक रोगास शारीरिक रोगाप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे २०१७ च्या कायद्याने ठरविले आहे. सभासदांनी आपली पॉलिसी काढून ते कलम वाचावे.

संघाच्या येत्या वार्षिक सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत की, औषधदान निधीतून मनोविकाराच्या उपचारासही साह्य मिळावे. साह्य घेणाऱ्याचे नाव संघाच्या वहीत न घालता केवळ क्रमांक घालावा, आणि तो क्रमांक कोणाचा हे एका विश्वस्तावाचून कोणास ठाऊक नसावे. हुंडीचा व्यवहार गुप्त ठेवण्याची आपल्या पेढ्यांस पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तेव्हा एवढी एक वही सांभाळणे संघास जड जाऊ नये.