कोंडीने गिळलेल्या बसगाड्या

श्रीनगर ते कन्याकुमारी आणि पोरबंदर ते सिलचर हे देशाचे दोन महामार्ग-पट्टे झाशीजवळ एकमेकांना छेदतात. रेल्वेचे मोठे जंक्शनही तेथेच आहे. झाशीकराला देशाच्या कोणत्याही टोकाला जाणे अवघड नाही. अवघड आहे ते सिपरी बाजारातून निघून कानपूर रस्त्यावरच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेळेवर पोहोचणे. लोहमार्गाने शहर दुभंगले आहे. खंडेराव दरवाजासारख्या मराठेशाहीच्या खुणा सांगणाऱ्या जुन्या शहरातल्या गल्ल्या घोडे आणि पालख्यांच्या मापाच्या आहेत. या दोहोंच्या मधे, एलाइट चौकात, सारे शहर एकाच वेळी येऊन थांबते.

उत्तर प्रदेश सरकारने १४ शहरांसाठी विजेवरील ७०० बसगाड्यांची योजना आखली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिचा प्रारंभ केला. झाशीच्या वाट्याला त्यांतल्या २५ ठरल्या. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा-मापदंडांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही चांगली स्थिती आणि ०.२ हून कमी ही सर्वांत निकृष्ट श्रेणी. २०११ च्या जनगणनेत झाशी महानगरपालिकेची लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक होती. म्हणजे चांगल्या श्रेणीसाठी ३०० गाड्या हव्यात. २५ गाड्यांनी हे प्रमाण ०.०५ वर येते. निकृष्ट श्रेणीची वरची मर्यादा गाठायची तरी गाड्या चौपट कराव्या लागतील.

यावर ‘आणखी गाड्या द्या’ हे उत्तर सहज सुचते आणि ते चूकही नाही. परंतु गाड्यांच्या संख्येआधी एक साधा हिशेब मांडायला हवा. समजा, बारा किलोमीटरचा एक मार्ग आहे आणि कोंडीमुळे बसचा सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर पडतो. जाऊन-येऊन दोन तास लागतात. प्रवाशाला दर दहा मिनिटांनी बस मिळायची तर या एका मार्गावर १२ गाड्या हव्यात. दोन मार्गांतच २५ गाड्यांचा ताफा संपला! तोच वेग १६ किलोमीटर झाला तर फेरी दीड तासात पुरी होते आणि नऊ गाड्या पुरतात. उरलेल्या तीन गाड्यांसाठी सरकारला एक रुपयाही खर्चावा लागलेला नसतो. त्या आजवर चौकात अडकलेल्या होत्या, इतकेच. कोंडी बस गिळते ती अशी. शिवाय अशा गाड्या बहुधा कंत्राटदाराकडून किलोमीटरच्या दराने घेतल्या जातात आणि ठरावीक किलोमीटरांची हमी करारातच असते. गाडी चौकात खोळंबल्यामुळे किलोमीटर कमी पडले, तरी हमीचे पैसे सार्वजनिक तिजोरीतूनच जातात.

म्हणून झाशीने आपल्या गाड्या शहरभर विखरू नयेत. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागातून बस हवी असते आणि ते समजण्यासारखे आहे, पण तासाला एकदा येणाऱ्या बसची वाट कोणी पाहत नाही. एसटीचे बसस्थानक, वैद्यकीय महाविद्यालय आणि बुंदेलखंड विद्यापीठ ही तिन्ही ठिकाणे कानपूर रस्त्यावर आहेत, हे शहराचे भाग्यच. रेल्वे स्थानकापासून या रस्त्यापर्यंतचा एक मार्ग आधी घट्ट करावा: दर दहा मिनिटांनी बस, रस्त्याकडेच्या पार्किंगला बंदी आणि चौकात बसला आधी वाट. दुकानदार विरोध करतील. त्यांच्या दारातली जागा ही त्यांची मालमत्ता नाही, हे त्यांना कधीतरी सांगावेच लागेल.

ई-रिक्षावाल्यांचा प्रश्न मात्र इतक्या सहज निकालात काढता येणार नाही. कोंडीचे सारे खापर आज त्यांच्यावर फोडले जाते. २०१६ मध्ये केंद्राने ई-रिक्षांना परवान्याच्या अटीतून मोकळे केले. त्याच वेळी विशिष्ट भागांत वा रस्त्यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्यांकडे ठेवला. तो अधिकार वेळीच वापरला असता तर कर्ज काढून रिक्षा घेतलेल्या माणसाला आज चौकाचौकात पोलिसांची काठी चुकवावी लागली नसती. त्यांना हुसकावण्याऐवजी जुन्या शहराच्या गल्ल्या त्यांच्याकडे सोपवाव्यात, बसथांब्यांशी जोडलेले तळ द्यावेत आणि मुख्य मार्ग बससाठी मोकळा ठेवावा. पुण्यात जुलै २०२१ मध्ये मध्यवर्ती पेठांसाठी लहान बसगाड्यांची ‘पुण्यदशम’ सेवा दहा रुपयांत सुरू झाली, ती अरुंद रस्त्यांना निराळे वाहन लागते याच जाणिवेतून. झाशीत ते वाहन आधीच रस्त्यावर आहे.

हे ठरवायचे कोणी, ही खरी अडचण आहे. रस्ता एका खात्याचा, सिग्नल पोलिसांचा, ई-रिक्षांची नोंदणी परिवहन कार्यालयाकडे, बस निराळ्या कंपनीची. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने या सर्वांना एका छताखाली आणणारे एकात्मिक प्राधिकरण सुचवले, पण दहा लाखांहून मोठ्या शहरांसाठी. झाशी त्या रेषेखाली राहते. जून २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवडसोबत एकाच यादीत ती स्मार्ट सिटी म्हणून निवडली गेली. ते अभियानही मार्च २०२५ मध्ये संपले. कोल्हापूर, नांदेड, सांगली-मिरज ही आपली शहरे लोकसंख्येने झाशीच्याच वर्गातली. तीही याच रेषेखाली आहेत. ही रेषा पाच लाखांवर आणण्यासाठी नव्या निधीची गरज नाही. ते केंद्र आणि राज्यांच्या एका निर्णयाचे काम आहे. तोवर झाशीच्या आयुक्तांना आणि पोलिसांना एका टेबलाभोवती बसून निदान एलाइट चौकातून बसला वाट काढून देण्यापासून कोणी रोखलेले नाही.