विश्लेषण : नकलाकार आणि ‘एआय’ला एकच नियम का नको?

हेलिकॉप्टर, मशीनगन, जिमी हेंड्रिक्सची गिटार... हे सारे आवाज एकाच माणसाच्या तोंडून निघतात. अमेरिकी विनोदवीर मायकल विन्स्लो यांना ‘दहा हजार आवाजांचा माणूस’ म्हणतात ते उगाच नाही. आता मात्र छोट्याशा ध्वनिफितीवरून ‘एआय’ही कुणाचाही आवाज काढू लागले आहे. अशा वेळी नकलाकाराची कला आणि यंत्राची नक्कल यांना एकच नियम लावणे योग्य ठरेल का?

कोण आहेत मायकल विन्स्लो?

विन्स्लो यांचा जन्म १९५८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनचा. बालपण हवाई दलाच्या तळावर गेले. मित्र फारसे नव्हते, त्यामुळे विमाने, प्राणी, माणसे, जे कानावर पडेल त्याची नक्कल करणे हाच विरंगुळा होता. १९८४ च्या ‘पोलीस अकॅडमी’ने त्यांना जगभर ओळख दिली. या मालिकेच्या सातही चित्रपटांत ते आहेत.

यात कला कोणती?

२००९ मध्ये इग्नासिओ उरिआर्ते या कलावंताने विन्स्लो यांना मायक्रोफोनसमोर बसवले आणि जुन्या-नव्या टाइपरायटरांचे आवाज कालक्रमाने काढून घेतले. टाइपरायटर सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण दोन यंत्रांच्या खडखडाटातला फरक किती जणांच्या लक्षात राहतो? नकलाकाराची खरी पुंजी गळ्याइतकीच कानात असते. शिवाय समोर माणूस दिसतो आणि ऐकू येते हेलिकॉप्टर, या विसंगतीतूनच हशा पिकतो. तोच आवाज स्पीकरवर वाजवला तर कुणी हसणार नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात व्यक्तिमत्त्व हक्कांसाठी स्वतंत्र कायदा नाही. भिस्त न्यायालयांच्या निकालांवर आहे. गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या, गाणाऱ्या बाहुल्यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र व्यंगचित्र, विडंबन यांना सरसकट हक्कभंग मानता येणार नाही, असेही बजावले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची ‘एआय’द्वारे नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखले.

मग माणसाला सगळे माफ?

तसेही नाही. गायिका बेट मिडलर यांनी फोर्डच्या जाहिरातीला नकार दिल्यावर जाहिरात संस्थेने त्यांच्याच माजी सहगायिकेकडून हुबेहूब त्यांच्यासारखे गाऊन घेतले. १९८८ मध्ये अमेरिकी न्यायालयाने मिडलर यांची बाजू उचलून धरली. तिथे नक्कल करणारी हाडामांसाची गायिकाच होती.

रेषा कुठे आखावी?

म्हणून खरा प्रश्न माणूस की यंत्र, एवढाच नाही. ऐकणाऱ्याची फसवणूक होते का आणि दुसऱ्याचा आवाज परवानगीविना विकला जातो का, हे पाहायला हवे. रंगमंचावरच्या नकलेत प्रेक्षकाला सगळे ठाऊक असते. बनावट ध्वनिफितीचा तर सारा डाव ते लपवण्यावरच असतो. हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात अधिकाऱ्यांच्या नकला करणाऱ्या कामगाराचाच पुढे जॉनी लिव्हर झाला. ‘एआय’ला लगाम हवाच, पण तो घालताना अशा कामगाराचे तोंड बंद होणार नाही, याची काळजी नियम करणाऱ्यांनी घ्यायला हवी.