हौशी लेखणीचे पुनरागमन

दहा-बारा वर्षांपूर्वी फुरसतीच्या वेळात स्वतंत्र निर्मात्यांच्या व्हिडिओ गेमवर लिहिणारी आणि पुढे नोकरी-संसाराच्या रेट्यात लेखणी खाली ठेवलेली काही मंडळी आता पुन्हा लिहू लागली आहेत. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याच्या कन्सोल नावाच्या यंत्रासाठी लहान लहान गट जे गेम तयार करतात, त्यांची दखल घेणे हे त्यांनी आपले काम मानले आहे. या कामाबद्दल त्यांना पैसा मिळत नाही, मिळण्याची शक्यताही नाही. हा विषय या पानावर कशासाठी, पोरांच्या खेळाचा श्रमिकांच्या चळवळीशी संबंध काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. तो संबंध फार जवळचा आहे, असे आमचे मत आहे.

या धंद्याचा इतिहासच मुळी श्रमाच्या श्रेयावरून झालेल्या भांडणाने सुरू होतो. १९७९ साली अमेरिकेतील अटारी कंपनीतून चार प्रोग्रामर बाहेर पडले. त्यांच्या गेमवर कंपनी अमाप पैसा मिळवीत होती. परंतु वेष्टनावर त्यांचे नाव नव्हते आणि नफ्यात त्यांचा वाटा नव्हता. नाव आणि वाटा मागितला तेव्हा नकार मिळाला. मग त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही संस्था काढली. यंत्र बनविणाऱ्या कंपनीबाहेरच्या माणसांनी त्या यंत्रासाठी गेम काढून विकावेत, ही गोष्ट तेव्हा प्रथमच घडली. अटारीने न्यायालयात धाव घेतली, पण अखेर तिला तडजोड करावी लागली. श्रमिकांच्या स्वाभिमानातून जन्मलेली ही संस्था पुढे स्वतःच एक अजस्र कंपनी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने ती सुमारे ६९ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या गेम विभागातील १,९०० माणसांना घरी पाठविले. भांडवलाच्या केंद्रीकरणाचा याहून बोलका दाखला शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

अटारीच्या काळात जे कुलूप नव्हते, ते पुढे निन्टेन्डोने बसविले. १९८५ साली अमेरिकेत आणलेल्या यंत्रात कंपनीने एक चिप घातली. कंपनीच्या परवान्याशिवाय तयार झालेला गेम त्या यंत्रात चालत नसे. परवाना मिळालेल्या प्रकाशकालाही वर्षाला पाचच गेम काढता येत. १९८३ च्या मंदीत सुमार मालाचा पूर आला होता, तो थोपविणे हे त्याचे सांगितले गेलेले कारण. त्यात तथ्य नव्हते असे नाही. तथापि पूर थोपविण्यासाठी घातलेला बांध नंतर पाण्यावर कर बसविण्यासाठी वापरला गेला, हे विसरता येणार नाही. आजही कन्सोलचे दुकान हे यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्याच मालकीचे असते. ते नुसते दुकान नसते. जकातनाका, परीक्षक आणि जाहिरातीचा फलकही तेच असते.

या बंद दुकानाला एकदा खिडकी पडली होती. नोव्हेंबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रावर सामान्य निर्मात्यांसाठी एक विभाग उघडला. वर्षाला ९९ डॉलर भरावेत, घरच्या संगणकावर गेम रचावा, इतर निर्मात्यांनी तो तपासावा आणि मग तो विक्रीस यावा, अशी व्यवस्था होती. मंजुरी देणारा साहेब नव्हता. समव्यवसायी परस्परांचे काम तपासत. विक्रीतील ७० टक्के वाटा निर्मात्याला मिळे. कित्येक गेम अवघ्या एका डॉलरला विकले जात. परंतु दार उघडणे निराळे आणि दारापर्यंत वाट ठेवणे निराळे. २०१० च्या अखेरीस पडद्यावरील मांडणी बदलली आणि हा विभाग एका आडकोपऱ्यात गेला. निर्मात्यांनी निषेध केला, तेव्हा कोठे तो पुन्हा बरा दिसू लागला. पुढे २०१७ मध्ये तो कायमचा बंद झाला.

या काळात त्या हजारो गेमची नोंद कोणी घेतली? मोठ्या नियतकालिकांनी घेतली ती अपवादानेच. त्यांची पाने मोठ्या प्रकाशकांच्या जाहिरातींवर चालत आणि एका डॉलरच्या गेमची जाहिरात कोण देणार? ती नोंद घेतली हौशी लेखकांनी. दिवसभराचे काम आटोपून रात्री त्यांनी सुमार गेमही खेळून पाहिले, चांगले निवडून काढले, वाईटाला वाईट म्हटले. आज तो विभाग अस्तित्वात नाही. त्यातील अनेक गेम अन्यत्र कोठेही मिळत नाहीत. कोणी काय रचले होते, याचा पुरावा कित्येकांच्या बाबतीत या हौशी लेखांतच उरला आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. जेथे मालच नाहीसा होतो, तेथे समीक्षा हीच स्मृती ठरते.

हौस म्हणून या लेखनाला हिणविणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, या पत्रकारितेचा उगमच हौशीत आहे. १९८१ साली 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे मासिक काढणारे आर्नी कॅट्झ, बिल कुंकेल आणि जॉइस वॉर्ली हे तिघेही विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या सायक्लोस्टाइल पत्रिकांतून तयार झालेले होते. मराठी वाचकाला ही परंपरा परकी वाटू नये. साठच्या दशकातील आपली अनियतकालिके याच मार्गाने निघाली. प्रस्थापित मासिके ज्यांना दार उघडत नव्हती, त्यांनी पदरमोड करून आपली पाने छापली आणि मराठी साहित्याची दिशा बदलली.

येथवर स्वागत झाले. परंतु समाजवादी दृष्टीने या पुनरागमनाकडे पाहताना त्यातील एका विसंगतीकडे डोळेझाक करता येत नाही. हौशी लेखक परत येत आहेत, त्याच सुमारास पगारी पत्रकार रस्त्यावर येत आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये 'गेम इन्फॉर्मर' हे तेहतीस वर्षांचे मासिक त्याच्या मालकाने एका दिवसात बंद केले. हा मालक म्हणजे गेम विकणारी दुकानांची साखळी होती. लेखकांना आपले जुने लेखही उतरवून घेता आले नाहीत. २०२५ मध्ये नव्या मालकाने ते पुन्हा सुरू केले खरे, पण मालकाच्या मर्जीवर जगणाऱ्या पत्राची अवस्था काय असते, ते दिसायचे ते दिसून गेले. अशा वेळी फुकट लिहिणारा माणूस मालकाच्या हातचे बाहुले ठरू शकतो. ज्याला वेतन द्यावे लागत नाही, त्याच्याकडे बोट दाखवून वेतन मागणाऱ्याला घालविता येते. फुकटची प्रत, कार्यक्रमाचे निमंत्रण, निर्मात्याची ओळख एवढ्यावर समाधान मानणारा लेखक नकळत जाहिरात विभागाचा बिनपगारी नोकर होतो.

सबब प्रश्न हौशी विरुद्ध व्यावसायिक असा नाहीच. लेखणी कोणाच्या बाजूने उभी राहते, हा आहे. यातून वाट काढणारेही आहेत. कोटाकू या पत्रातून बाहेर पडलेल्या काही पत्रकारांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'आफ्टरमॅथ' हे कर्मचाऱ्यांच्याच मालकीचे पत्र वाचकांच्या वर्गणीवर सुरू केले. 'आयजीएन' या बड्या पत्राच्या लेखकांनी २०२४ मध्ये आपली संघटना उभारली. हौशी लेखकाचे खरे सोबती हे आहेत. ज्या पत्रात संप चालू असेल, त्याला फुकट मजकूर न देणे. प्रत कोठून मिळाली ते वाचकाला स्पष्ट सांगणे. कंपनीच्या नावाऐवजी ज्यांनी गेम रचला त्यांची नावे लिहिणे. आणि निर्माता गरीब आहे म्हणून वाईट कामाची भलामण न करणे, एवढी पथ्ये त्याने पाळली तर त्याची हौस ही चळवळीची शक्ती होईल. शेवटचे पथ्य सर्वांत कठीण आहे. लहान निर्मात्याला दयेची गरज नसते. त्याचे काम गांभीर्याने पाहणाऱ्या डोळ्यांची असते.

आपल्या महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी' हा गेम काढला. भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम आला तो निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर, जे तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलेही जात नव्हते. पुण्यात रचलेली कलाकृती पुणेकराच्या हाती येण्याआधी परदेशी ग्राहकाच्या हाती जावी, ही वासाहतिक व्यापाराची जुनी रीत नव्या वेषात आली आहे. तिच्याविषयी परभाषेतील समीक्षकांनी लिहिले. आपल्या भाषेत, आपल्या निकषांवर तिचा कस पाहणे हे काम आपले नाही काय?

आमच्या तरुण कार्यकर्त्यांत गेम खेळणारे पुष्कळ आहेत. ते ही गोष्ट काहीशा संकोचाने लपवितात. हा संकोच त्यांनी टाकून द्यावा. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत तमाशाची आणि नाटकाची चर्चा होत असे, तेव्हा ती चळवळीबाहेरची मानली जात नव्हती. आजचा तरुण आपली संध्याकाळ ज्या कलेपुढे घालवितो, तिच्यामागचे श्रम, तिची मालकी आणि तिचे सौंदर्य यांविषयी त्याने लिहावे, नीट लिहावे, मराठीत लिहावे. आपण लिहिले नाही, तर दुकानदाराने लावलेली पाटी हाच इतिहास म्हणून शिल्लक राहील.