जखमी कामगार आणि त्याचा वकील

यंत्रमागावर उजव्या हाताचीं दोन बोटें गमावलेला एक कामगार परवां आमच्या कचेरींत आला होता. अपघातास वीस महिने होऊन गेले. त्यानें कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा उठवून दिला होता, कर्ज काढून पैसेहि भरले होते. परंतु नुकसानभरपाईचा अर्ज दाखल झाला किंवा नाहीं, एवढेंहि त्यास ठाऊक नव्हतें. वकिलास विचारलें कां नाहींस, असें म्हणतां तो उत्तरला, "साहेब रागावतील." हें ऐकून आम्हांस स्वतःच्या सनदेची लाज वाटली.

येथें गेलेला दिवस परत येत नाहीं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखालीं दाव्याची मुदत पुढें अपघातापासून २ वर्षांची झाली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागीं आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंहि तीच ठेविली आहे. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होतो हें खरें. परंतु वकिलाचा आळस हें सबळ कारण होय, हें सिद्ध करण्याची पाळी त्या लुळ्या हातावर कां यावी?

याहूनहि वाईट प्रकार हिश्शाचा. दाव्याच्या फळावर फी ठरविणें किंवा मिळालेल्या रकमेंत वांटा घेणें बार कौन्सिलच्या नियमांनीं वकिलास स्पष्ट मना आहे. तरीहि असे तोंडी करार होतात, हें आमच्या व्यवसायबंधूंपैकीं कोण नाकारील? एकदां वांटा ठरला कीं चार तारखा लढण्यापेक्षां पहिल्याच तडजोडीवर अंगठा घेण्याकडे मन झुकतें. आमच्या व्यापारी वाचकांस या ठिकाणीं एक सांगणें आहे. अशी आडमार्गाची तडजोड स्वस्त पडली असें मानूं नये. तडजोडीचें टिपण अधिकाऱ्याकडे नोंदणीस पाठविलें नाहीं, तर मालक पूर्ण भरपाईस बांधलेलाच राहतो. आणि आधीं दिलेल्या पैशांपैकीं निम्म्याहून अधिक वजावट, अधिकाऱ्यानें हुकूम केल्याखेरीज, त्यास मिळत नाहीं. रक्कम अपुरी दिसल्यास नोंदणी नाकारण्याचाहि अधिकार आहे. कायदा करणारांस कामगाराची गरज आणि मध्यस्थाची घाई, दोन्ही ठाऊक होतीं.

वकील बदलतां येत नाहीं, ही समजूत तर निव्वळ भ्रम आहे. वकीलपत्र हें पक्षकाराचें. तो तें काढून घेऊं शकतो. फी बाकी असली तरी वकिलास कागद अडकवून ठेवितां येत नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं दिलेला आहे. दुसऱ्या वकिलासाठीं पैसे नसतील, तर १९८७ च्या विधिसेवा कायद्यानें औद्योगिक कामगारास मोफत कायदेशीर मदत मिळते. आणि नोंदलेल्या कामगार संघाचा अधिकारीहि त्याच्यातर्फे उभा राहूं शकतो.

आतां आमच्या वर्गाविषयीं. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणें गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते आणि तिचा निकाल एका वर्षांत लागावयाचा असतो. न लागल्यास प्रकरण दिल्लीच्या कौन्सिलकडे जातें. मे २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें वकिलाची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेविली. वकिलांनीं त्याचें स्वागत केलें. परंतु त्यामुळें पक्षकाराचा एक दरवाजा बंद झाला, आणि उरलेल्या दरवाजावर पहारेकरीहि आपणच आहों! परीट आपलीच वस्त्रें धुतो कीं लपवितो, हें आतां जनता पाहील, आणि तिनें पाहावें.

त्या कामगारास आम्हीं प्रथम आयुक्तांच्या कचेरींत पाठविलें. अर्ज दाखल झालेला नव्हता. जुन्या वकिलास कागद परत मागणारें लेखी पत्र त्याच दिवशीं टपालानें गेलें आहे. मुदतीस अजून चार महिने उरले आहेत.