रास्ना म्हणजे कोणती रास्ना?

दुष्काळी जिल्ह्यात आमरीचे कौतुक कशाला, असा सवाल आमच्याकडे हमखास टाकला जातो. बुलढाणा म्हटले की कापूस, सोयाबीन आणि पाणीटंचाई. झालेच तर लोणारचे सरोवर आणि जिजाऊसाहेबांचे सिंदखेडराजा. त्यात ही फांदीवर लटकणारी आमरी, साहेबाच्या भाषेतली ऑर्किड, आणि तिच्या हरितलवकातला जनुकसंच वाचण्याची टूम! पोटापाण्याची ददात नसली म्हणजे विद्वानांना असले चोचले सुचतात, असे हे गृहस्थ म्हणतात. आणि संध्याकाळी गुडघे धरून घरी गेले की महारास्नादी काढ्याचे दोन चमचे पाण्यात घालून घेतात.

माझे या गृहस्थांशी भांडण आहे ते त्या काढ्यावरूनच. त्यातली रास्ना कोणती?

आयुर्वेदाच्या सरकारी औषधिकोशात रास्ना म्हणून नोंदलेली वनस्पती आहे प्लुचिया लॅन्सिओलाटा. ती उत्तरेकडच्या रेताड मुलखातली, सूर्यफुलाच्या कुळातली. तिची पाने घ्यावीत असे कोश सांगतो. दक्षिणेत रास्ना म्हणून कुलिंजन देतात, ते आल्याचे भावंड. बंगालकडे रास्ना म्हणजे वांडा टेसेलाटा, आणि ही मात्र आमरी. विदर्भाच्या पानगळीच्या रानांत आंब्यामोहाच्या फांद्यांवर वाढते तीच. पिवळट तपकिरी चौकटींच्या पाकळ्या आणि जांभळट ओठ असलेली. कुळे तीन, झाडे तीन, नाव एक! लग्नपत्रिकेत वराचे नाव नुसते ‘पाटील’ छापावे तसलाच हा प्रकार.

झाड उभे असताना हे तिघे शेंबड्या पोरालाही वेगळे ओळखता येतील. पण वाळून, तुकडे होऊन पुडीत आल्यावर वैद्याच्या नजरेचाही इलाज चालत नाही. तेथे हरितलवक उपयोगी पडते. वनस्पतीच्या पेशीतल्या या हिरव्या कणांना स्वतःचा डीएनए असतो. आमरीत तो साधारण दीड लाख अक्षरांचा. पेशीकेंद्रातल्या अवाढव्य ग्रंथापुढे ही छोटीशी पोथीच. एकेका पेशीत तिच्या प्रती पुष्कळ असतात, म्हणून वाळल्या तुकड्यातही ती हाती लागण्याचा संभव अधिक. १९८६ साली जपानात तंबाखूची पोथी पूर्ण वाचली गेली. २००६ साली तैवानात फॅलेनॉप्सिस या आमरीची वाचली गेली. २००९ साली शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आरबीसीएल आणि मॅटके ही त्यातली दोन प्रकरणे वनस्पतींची ओळख पटवण्यासाठी मुक्रर केली.

सूर्यफूल, आले आणि आमरी यांचा निवाडा करायला ही दोन प्रकरणे पुरतात. खरी पंचाईत घरातल्या घरात होते. वांडाच्या नात्यातल्या आकांपे या आमरीची मुळेही रास्ना म्हणून खपतात. सख्ख्या-चुलतांत फरक करायचा तर दोन प्रकरणे पुरी पडतातच असे नाही. सबंध पोथ्या शेजारी शेजारी ठेवून, कोठे अक्षरे बदलली ते शोधावे लागते. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळल्या त्या पाठभेद काढून टाकण्यासाठी. येथे उलट आहे. येथे पाठभेदच हवे आहेत. वायसीएफ१ नावाचे एक प्रकरण आमऱ्यांत फार बदललेले आढळते, म्हणून शोधक त्यावर डोळा ठेवून असतात. जी जागा एका जातीत एकसारखी आणि दुसऱ्या जातीत निराळी, ती पक्की ओळखखूण. हा चोचला नव्हे, ही बाजारातली वजनेमापे तपासण्याची रीत आहे.

प्रयोगशाळेतल्या मंडळींनाही मी मोकळे सोडणार नाही. उकळून आटवलेल्या काढ्यात डीएनएचे तुकडे तुकडे होतात. तेथे लांब खूण शोधणे व्यर्थ, आखूडच हवी. हरितलवक बहुधा आईकडूनच येते, तेव्हा संकराचा बाप त्यात दिसायचा नाही. औषध गुणकारी आहे की नाही हे तर ती पोथी मुळीच सांगत नाही. आणि सर्वांत मोठे म्हणजे, कोठल्या तरी बागेतल्या एका रोपाची पोथी वाचून ‘ही वांडा’ असा शिक्का मारणे म्हणजे एका माणसाला भेटून साऱ्या गावाचा स्वभाव सांगणे. वऱ्हाडच्या कोरड्या डोंगरांतली रोपे त्या तुलनेत हवीतच.

येथे आमच्या जिल्ह्याचे जुने दुखणे निघते. कुकसाहेबांचा वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, तो मुंबई इलाख्याचा. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हताच. बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींचे स्वतंत्र पुस्तक भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढले ते २००० साली. २०१९ मध्ये टिपेश्वरचा वाघ १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे पावलापावलाचा हिशेब लागला. त्याचे कौतुक मलाही आहे. पण ज्या फांद्यांखालून तो गेला त्यांवरच्या हिरव्या रहिवाशांना आपण अजून बांडगूळ म्हणतो! बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी नुसती बसायला जागा मागते; हवेतला ओलावा आणि सालीवरचा पाचोळा यांवर तिचे भागते.

तिचे बी धुळीसारखे बारीक, पोटात शिदोरी नसलेले. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच रानात रुजते. म्हणून रास्नेच्या नावाखाली मुळांसकट ओरबाडलेले रोप सहजी भरून येत नाही. आणि सरकारी कोशाप्रमाणे जी रास्ना हवी ती ही नव्हेच! म्हणजे औषध घेणारा फसला आणि रानही उघडे पडले. ओळखखुणेसाठी मात्र नखाएवढे पान पुरते. ते काढून कोरडे ठेवायचे, रोप जागच्या जागी राहू द्यायचे, फुलाची एक फांदी दाबून ठिकाणासह संग्रहालयात जमा करायची. बोथ्याच्या घाटापासून सातपुड्यातल्या अंबाबरव्यापर्यंत हे काम जिल्ह्यातल्याच महाविद्यालयांतली पोरे करू शकतील, आणि पुढे जो कोणी या पोथ्या वाचील त्याच्या हाती पत्त्यासकट नमुना पडेल.

तोवर आमच्या त्या गृहस्थांनी एवढेच करावे: काढ्याची नवी बाटली घेताना रास्नेपुढे कोणते शास्त्रीय नाव छापले आहे आणि पान घेतले की मूळ, हे दुकानदाराकडून वाचून घ्यावे.